चर्चची चौकट

इस्राएलात, याफोतल्या एका जुन्या चर्चमध्ये तेव्हा चित्रांची प्रदर्शनं भरत. माझ्या लेकीचं पहिलं चित्र तिथं लागलं, म्हणून मी आईला डिमोनाहून बसनं घेऊन आलो. दाराशी ती अडली.

"चर्चमधी मी पाय नाय ठेवायची. चित्र बाहेर आणा."

लेकीचा चेहरा पडला. मी ऐटीत भाषण ठोकलं, "आई, आता इथं धर्मबिर्म काही नाही, नुसत्या भिंती आहेत. जरा मॉडर्न हो. बघ, मी कसा जातो."

आम्हा ज्यूंच्या घरांच्या चौकटीवर देवाच्या वचनांची छोटी डबी, मेझुझा, असते. जाता-येता तिला हात लावून बोटं ओठांना लावायची. आत शिरताना सवयीनं मी तेच केलं, चर्चच्या कोऱ्या दगडाला!

"मेझुझा लावलीय होय? मग आधी बोलायचं नाय का, गाढवा!" म्हणत आईनंही दगडाला हात लावला आणि ती आत गेली. मागच्या दोन पाहुण्यांनी हाही प्रदर्शनाचाच भाग समजून भक्तिभावानं तसंच केलं.

आई नातीच्या चित्रासमोर, पांढऱ्या कॅनव्हासवरच्या दोन निळ्या पट्ट्यांसमोर, बराच वेळ उभी राहिली.

"ब्युटिफुल," ती म्हणाली. "बाकीचं कधी रंगवणार, पोरी?"