चाकावरच्या देवाला अर्थिंग

भजनी मंडळात भजनं तीच तीच असतात, फजित्या मात्र नव्या साठत जातात. आमच्या धरणगावच्या मंडळाकडे तर ट्रॉलीच होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पत्र्याची खोली, आत देवाचा फोटो, माईक आणि झोपायला फळ्या. मी झांज वाजवायचो.

त्या वर्षी आमच्या बुवांची, म्हणजे नानांची, मुलगी कमल पिंपळनेरला दिली. व्याह्यांनी आमचं भजन ठेवलं. नाना म्हणाले, "पोरले तठे जलम काढना शे. तिनी मान खाले जावाले नको."

ट्रॉलीत एकच बॅटरी होती. ती उतरली की अभंगाच्या मध्येच माईक मुका. आमचा तबलजी भिका रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर बसवला. पहिल्याच दिवशी वायरी उलट्या लागल्या आणि ट्रॉलीभर धूर झाला. नाना डोळे मिटून गात होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "आज धूप चांगला शे."

मग शॉक सुरू झाले. आत देव, त्यामुळे आम्ही सगळे अनवाणी. पत्र्याला हात लागला की कोपरापर्यंत मुंग्या. पेटीवाला भर सुरात ओरडला, लोकांना वाटलं तान घेतली! माहेरी आलेल्या कमलनंही तो झटका खाल्ला. भिका मात्र खाली रबरी चपलेत उभा राहून पत्र्याला हात लावायचा. "काहीच नही शे."

नाना म्हणाले, "चप्पल काढीसन लाव."

लावला. देवासमोर त्यानं जी शिवी दिली, ती सांगायची मला आजही लाज वाटते.

शेवटी अर्थिंग ठरलं. ओल्या जमिनीत लोखंडी सळई ठोकायची, तिची वायर ट्रॉलीला जोडायची. शॉक थांबले. एका गावी सळई उपटायची विसरून आम्ही निघालो, वायर तुटली. मागून एकजण सायकलवर सळई घेऊन आला. "भाऊ, तुमना देव राही गया!" बायांनी तिला हळद-कुंकू वाहिलं होतं. आम्ही खाली मान घालून ती घेतली.

पिंपळनेरला व्याह्यांचं अंगण नुकतंच सारवलेलं. त्यात लोखंड ठोकायला नाना काही तयार होईनात. उलट ट्रॉलीच्या पायरीशी आलेल्या व्याह्यांना हळूच म्हणाले, "चपला राहू द्या पायात."

"देवपुढे चपला? आमले काय समजनात तुम्ही?"

व्याह्यांनी चपला काढल्या, ओल्या अंगणात उभं राहून दाराचा दांडा धरला आणि आपादमस्तक हलले. नानांचा चेहरा पाहवेना. मला तर वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

व्याह्यांनी हात जोडले. "देव जागा शे. या रे बठ्ठा."

सगळ्यांची रांग लागली. नाना भिकाच्या कानाशी म्हणाले, "जाय, ठोक." भिका ट्रॉलीमागं सळई ठोकू लागला आणि आवाज झाकायला मी झांज बडवत राहिलो. वायर जोडून त्यानं अनवाणी उभं राहून पत्रा चाचपला आणि बोटानंच सांगितलं, शॉक गेला.

रांगेत आता कमल होती. मागं तिची सासू.

कमलनं दांडा धरला. काहीच झालं नाही. तिनं नानांकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि थरथरायला लागली.