दसऱ्याचं डिझेल

चालू न होणाऱ्या गाडीचे किस्से फार साठतात. झटकन चालू होणाऱ्या गाडीबद्दल कोण काय सांगणार? नंदू, शिरीष आणि मी आता तीन देशांत असतो, पण फोनवर हवापाण्याचं बोलून झालं की जर्मनीत आखनला असतानाची आमची गाडी येतेच.

२००८-०९ची गोष्ट. आम्ही तिघंही एकाच कंपनीत होतो. काम काय, तर कोल्ड चेंबरमध्ये उणे पंचवीसला डिझेल इंजिन चालू करून दाखवायचं. आणि तिघांत मिळून घेतलेली आमची जुनी डिझेल गाडी उणे पाचलाच मान टाकायची! ऑफिसात हे आम्ही कुणाला कळू दिलं नाही.

*

थंडीत डिझेल गाडीची किल्ली आधी अर्धीच फिरवायची असते. पिवळा दिवा लागतो, आत ग्लो प्लग तापतात, दिवा विझला की मग स्टार्टर. नंदू कोल्हापूरचा, त्याला कसला दम निघतोय! बुलेटला किक मारावी तशी तो किल्ली फिरवायचा.

एका सकाळी समोरच्या बसस्टॉपवरून आवाज आला, "लांगझाम! लांगझाम!" हळू, हळू. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारे हेर फोगेल होते; हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत. तीस वर्षं ट्रक चालवून रिटायर झालेले. दिवा विझेपर्यंत आकडे मोजत बस, म्हणाले.

नंदू आकड्यांऐवजी पाढे म्हणायला लागला. मग थंडीही पाढ्यांतच मोजली जाऊ लागली. वर येऊन तो सांगायचा, "आज पार सतराच्या पाढ्यापर्यंत गेलं बघ!"

*

हेर फोगेल रोज सव्वासातच्या बसने टेकडीवरच्या वृद्धाश्रमात जायचे. तिथे त्यांची बायको होती. तिला कुणाचीच ओळख राहिली नव्हती, नवऱ्याचीसुद्धा. पण सकाळचा नाश्ता ती फक्त त्यांच्या हातून खायची. नर्सने चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटायची. म्हणून बस दिसली की हेर फोगेल आमच्याशी चाललेलं वाक्य अर्धवट टाकून चढायचे. ड्रायव्हरही त्यांना ओळखायचा.

*

बॅटरीला थंडी सोसत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. शिरीष लगेच रोज संध्याकाळी बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर घरी न्यायला लागला. एकदा मंजिरीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं पाहिलं, तर बॅटरी हीटरजवळ शाल पांघरून बसलेली. शाल लग्नातली, तिच्या बाबांनी दिलेली! दोन दिवस ती शिरीषशी बोलली नाही. गाडी मात्र दोन्ही दिवस चालू झाली.

*

दसऱ्याला आम्ही गाडी धुतली, शेवंतीचा हार घातला आणि टाकी काठोकाठ भरून आणली. सणाला गाडी रिकाम्या पोटी ठेवायची नाही, असं नंदूचं म्हणणं. पेढा घेताना हेर फोगेलनी विचारलं, आत्ताच का भरलीत? पंपावर कडक थंडीचं डिझेल अजून आलेलं नाही. हे लवकर संपवा, नाहीतर थंडीत गोठेल.

नंदू हसून म्हणाला, "हेर फोगेल, आम्ही डिझेलचेच इंजिनीअर आहोत."

"आख झो," म्हणजे असं होय, ते म्हणाले आणि त्यांनी दुसरा पेढा घेतला.

खरं तर हे आम्हाला पाठ होतं. पण ऑफिस दोन किलोमीटरवर, डिसेंबरात तिघंही भारतात. डिझेल संपणार कसं? टाकी जवळजवळ भरलेलीच राहिली.

*

जानेवारीत एका सकाळी उणे सतरा. रस्त्यांवर बर्फाची काच झालेली, बस बंद, टॅक्सीवाला फोन उचलेना. हेर फोगेलनी आमची बेल वाजवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी काही मागितलं होतं.

"आठला तिचा नाश्ता असतो," एवढंच बोलले.

आम्हाला केवढा आनंद झाला! शिरीष बॅटरी घेऊन धावला, नंदूनं एकोणीसचा पाढा पुरा केला. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. हेर फोगेल पुढे बसले, मांडीवर पिशवी. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि इंजिन आचके देऊन बंद पडलं. फिल्टर उघडला, तर आत डिझेल थिजलेल्या तुपासारखं. तिघांनाही एकदमच कळलं, हे दसऱ्याचं.

हेर फोगेल पिशवी घेऊन उतरले. आभार मानून काठी टेकत चढाला लागले. आणि आम्ही तिघंही बॉनेटखाली डोकं घालून फिल्टरवर गरम पाणी ओतावं का, याची चर्चा करत राहिलो. तिघांतला एकही त्यांच्याबरोबर चालत गेला नाही. गाडीचं जाऊ द्या, पण ही गोष्ट मला अजून खाते.

दुपारी ते जिन्यात भेटले. पोचायला साडेदहा वाजले होते.

"तिनं खाल्लं," ते म्हणाले. "नर्सच्या हातून. सगळं खाल्लं." मग पुन्हा म्हणाले, "सगळं खाल्लं."

बरं झालं, असं मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तीन दिवसांनी रस्ते मोकळे झाले. टाकीतलं डिझेल बदललं होतं. सकाळी नंदूनं किल्ली अर्धी फिरवली, तर ओळखीचा आवाज आला, "लांगझाम!"

आम्ही बसस्टॉपकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. हेर फोगेल तळमजल्यावरच्या आपल्या खिडकीत उभे होते, अंगात घरचा स्वेटर.

सव्वासातची बस आली. ड्रायव्हरनं दार उघडलं, जरा वेळ वाट पाहिली, आणि दार लावून बस निघून गेली.