पाहुण्याची बाटली

आमच्या बाईंना कुणी मायाळू म्हटलं की मला हसू येतं. रक्त न गोठण्याचे जे आजार घराण्यातून येतात, त्यांच्या तपासण्या करणाऱ्या आमच्या लॅबच्या त्या मुख्य. मी काउंटरवर रक्त काढणारी, म्हणजे बोलणी खायला पहिली. नळी रेघेपर्यंत भरली नाही की परत. "पोर रडलं म्हणून अर्ध्या नळीवर भागवलंस? मग रिपोर्टही अर्धाच देऊ का?" चारचौघांत विचारायच्या. त्यांचा धाकटा भाऊ दात काढल्यावर रक्त थांबेना म्हणून गेला, तेव्हापासून त्यांनी हे काम धरलं होतं.

पण एक खोट होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. बाहेरची एक संस्था आमची परीक्षा घ्यायला अधूनमधून नमुना पाठवते. त्यात गोठवणारा घटक किती, ते तिला माहीत. आम्ही मोजून कळवायचं. त्या नमुन्याला आम्ही 'पाहुणा' म्हणायचो. पाहुणा आला की बाईंचा थाट बघावा! मशीन लख्ख, बाई स्वतः बसणार, पुन्हा पुन्हा मोजणार. जावयाची होत नसेल इतकी सरबराई. आणि प्रमाण प्लाझ्माची नवी कोरी बाटली फक्त त्याच्यासाठी फुटायची.

हा प्लाझ्मा म्हणजे आमचं माप. पेशंटचं रक्त त्याच्याशी ताडायचं. बाटली उघडली की उरलेलं त्याच दिवशी फेकायचं असतं. पण बाटली महाग, लॅबच्या मालकांची, साहेबांची, कुरकुर नको म्हणून बाई उरलेला प्लाझ्मा पुन्हा गोठवायच्या आणि रोजच्या पेशंटना तोच. शिळ्या प्लाझ्मातला घटक उतरतो, माप लहान होतं, आणि लहान मापानं मोजलं की कुणाचंही थोडकं भरपूर दिसतं. एकदा एका नव्या टेक्निशियन पोरीनं तोंड उघडलं. "भिंत बघ," बाई म्हणाल्या. भिंतीवर त्या संस्थेच्या प्रमाणपत्रांची रांग, सगळी शंभरपैकी शंभर. पोरगी शिळी बाटली घेऊन मशीनकडे वळली.

मग बाईंच्या नातवाचं, लेकीच्या मुलाचं, टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं. आजीच्या भावाचं ऐकून डॉक्टरांनी तपासणी सांगितली. पोरगं माझ्यासमोर बसलं आणि सुई बघून म्हणालं, "आजीला नाव सांगीन हं!" मी म्हटलं, "सांग बाबा, तसंही ती माझी रोजच खरडपट्टी काढते." खुदकन हसलं बिचारं. तेवढ्यात मी सुई टोचली.

"आई, दुसरीकडेही एकदा करून घेऊ का?" लेकीनं भीत भीत विचारलं.

बाईंचा पारा चढला. "माझ्याहून चोख कोण मोजतं, दाखव मला!"

त्याच सकाळी पाहुणा आला होता. नवी बाटली समोर उघडी होती. तरी नातवाची नळी बाकीच्या पेशंटच्या रांगेत, शिळ्या मापावर लागली. "घरचं आहे म्हणून लाड नाहीत," बाई मोठ्यानं म्हणाल्या, आम्हाला ऐकू जावं म्हणून. रिपोर्ट नॉर्मल आला. खाली सही बाईंचीच.

ऑपरेशननंतर रक्त थांबेना. रिपोर्ट नॉर्मल, म्हणून डॉक्टर टाका कुठे सुटला तेच शोधत बसले. गोठवणाऱ्या घटकाचं औषध हॉस्पिटलच्या त्याच इमारतीतल्या फ्रिजमध्ये होतं. कुणाला ते सुचेपर्यंत पोर गेलं.

बाईंनी नवी बाटली फोडून नातवाचा उरलेला नमुना तिच्यावर लावून पाहिला. आकडा वाचला आणि मशीन बंद केलं. भावाचाच आजार होता. दुसऱ्या दिवशी बाई वेळेवर कामावर हजर! मला त्यांचा इतका संताप आला की बाटलीचं सगळं मीच लेकीला सांगितलं. कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

काही आठवड्यांनी ती लॅबमध्ये आली. बसली नाही.

"आई, त्या दिवशी नवी बाटली कुणासाठी फोडली होतीस?"

"पाहुण्यासाठी," बाई म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, एवढं मी कबूल करते.

तेवढ्यात साहेब आत आले. हातात नव्या प्रमाणपत्राची फ्रेम. "बाई, पुन्हा शंभर!" मग लेक दिसली तसा त्यांनी फ्रेम टेबलावर ठेवून काढता पाय घेतला.

लेकीनं ती उचलली, सगळी वाचली आणि आईच्या हातात दिली.

"लाव ना. सरळ लागतंय का ते मी बघते."

बाई स्टुलावर चढल्या. फ्रेम खिळ्यावर बसेना. मी पुढे झाले, तर लेकीनं हातानंच मला थांबवलं.

"डावीकडून थोडं वर घे, आई."

बाईंनी घेतलं.