गोदाम भरलेलं होतं तेव्हा

आमच्या घरात मी पहिलाच कॉलेजला गेलो. त्यामुळे पहिल्या वर्षी जळगावला वर्गात काय बोलायचं, कधी हसायचं, हे मला इतरांकडे बघून ठरवावं लागे. मराठीही जपून बोलायचो. गाव भडगाव तालुक्यातलं, गिरणेच्या काठचं. घरची बोली अहिराणी. एकदा प्रॅक्टिकलला 'सगळं झालं'ऐवजी तोंडातून 'बठ्ठं झालं' असं निघून गेलं, तर पुढचे आठ दिवस दोन पोरं मला 'ए बठ्ठं' म्हणून हाक मारत होती. इंग्रजीचं तर विचारूच नका.

माझ्या शेजारच्या बाकावर बसणारा मुलगा गिटार वाजवायचा. बाजार समितीजवळ त्यांचं धान्याचं दुकान होतं, मागे गोदाम. घराणं राजस्थानातून आलेलं, तीन पिढ्या जळगावात. मोकळ्या तासाला त्याने इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं आणि म्हणाला, "ऐक. घाबरू नकोस."

उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातला बँड होता. मेलोडिक डेथ मेटल म्हणतात त्या प्रकाराला. दोन गिटार हातात हात घालून चालल्यासारख्या गोड सुरावटीवरून जात होत्या, आणि त्यांच्यावर एक माणूस पोटातून, घसा खरवडून ओरडत होता. मला तो आवाज ओळखीचा वाटला. रब्बीची ज्वारी, जिला आम्ही दादर म्हणतो, ती दाण्यात आली की आम्ही मचाणावरून पाखरांना असेच हाकारे घालतो. फक्त आमच्यामागे गिटार नसते.

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

"कोणाला माहीत! कोणालाच कळत नाही. शब्द नेटवर बघावे लागतात."

कोणालाच कळत नाही, हे ऐकून मला जे बरं वाटलं ते मी त्याला सांगितलं नाही. वर्गातल्या इंग्रजी शाळेतून आलेल्या पोरांनाही कळत नाही, म्हणजे इथे मी कोणाच्या मागे नाही. त्या वर्षी मी त्या बँडची झाडून सगळी गाणी ऐकली.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही तिघांनी बँड काढला. गिटारवाला, ड्रम वाजवणारा एक मुलगा आणि मी. मी गायक झालो तो अपघातानेच. गिटारवाल्याने तसं ओरडून पाहिलं तर त्याला ठसका लागला. मी म्हटलं, "असं का?" आणि पाखरं हाकलतात तसा एक लांब हाकारा पोटातून काढला. ड्रमवाला काठ्या खाली ठेवून म्हणाला, "अरे, हा काय जेवतो रे?"

सराव रविवारी दुपारी गोदामात. हमालांना सुट्टी असायची. चारी बाजूंना उडदाची, मुगाची, नंतर तुरीची पोती पत्र्यापर्यंत लावलेली, मध्ये आम्ही. कितीही जोरात वाजवा, पोती आवाज गिळून टाकत.

गाणी गिटारवाल्याने इंग्रजीत लिहिली होती. अंधार, बर्फ, कावळे. बर्फ आम्ही रसवंतीवरच पाहिलेला. ते शब्द त्या वेगात माझ्या जिभेवर बसत नसत. एका रविवारी कागद खोलीवरच विसरला. विसरलो म्हणून सांगायची लाज वाटली, आणि ड्रम तर सुरू झाले होते. तोंडाला आलं ते म्हटलं. आले ते नानांचे शब्द. नाना म्हणजे माझे वडील. लहानपणापासून वावरात ते मला जे ओरडत आले ते, जसंच्या तसं, घोगऱ्या आवाजात:

ऊठ रे, पाखरं बसनात, बठ्ठी दादर खाई टाकतीन. पाट फुटना, पानी चालनं, तुनं ध्यान कोठे शे?

पाखरं बसली, पाट फुटून पाणी चाललं आणि तुझं लक्ष कुठे आहे, एवढाच त्याचा अर्थ. गाणं संपलं. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. ड्रमवाला म्हणाला, "आज काहीतरी झालं राव. आज मजा आली." गिटारवाला तार जुळवत राहिला.

पुढच्या रविवारी कागद खिशात होता, पण मी तो काढला नाही. हळूहळू चारही गाण्यांत इंग्रजी उरलं नाही. आईचं दळणावरून बोलणं आलं, आजोळच्या बसची वाट बघणं आलं. ज्या बोलीसाठी वर्गात मला नाव पडलं होतं, त्याच बोलीत मी त्या गोदामात गळा फाडून गात होतो आणि कोणाला पत्ता नव्हता. आठवड्यातले ते दोन तास मी जपून बोलत नसे.

जानेवारीच्या शेवटी त्या बँडचा नवा अल्बम आला. आम्ही तो एकत्र ऐकायचा ठरवला होता. गिटारवाल्याने फोन स्पीकरला जोडला आणि आम्ही पोत्यांवर बसलो. सुरुवातीची गिटार ठीक होती, जरा सावकाश. मग त्या माणसाने तोंड उघडलं आणि तो चक्क गायला लागला. स्वच्छ, गोड आवाजात. मागे कीबोर्ड, आणि मध्ये टाळ्या वाजवत सगळ्यांनी म्हणावी अशी ओळ. मी पुढच्या गाण्याची वाट पाहिली, मग त्याच्या पुढच्या. पहिल्यांदाच त्याचा शब्द न् शब्द मला कळत होता, आणि ते शब्द साधेच होते. तू गेलीस, मी एकटा आहे, परत ये. इतके दिवस त्या खरखरीमागे हेच होतं का, असं मनात आलं.

"मस्त आहे की," ड्रमवाला म्हणाला. "आता माझी बहीणसुद्धा ऐकेल."

गिटारवाल्याने फोन स्पीकरवरून काढला. मग म्हणाला, "गॅदरिंगला आपणही एक गाणं असं करू या. साध्या आवाजात. लोकांना शब्द कळले पाहिजेत." आणि माझ्याकडे वळून, "तू म्हणतोस तेच म्हण. फक्त स्वच्छ."

 गॅदरिंगला आख्खं कॉलेज असणार, 'ए बठ्ठं' म्हणणारेही. मी उभा राहिलो आणि भाषण केलं. ते लोक विकले गेले, त्यांनी आपल्याला फसवलं, आपणही तसंच करायचं असेल तर मी नाही. ड्रमवाला हसला, "तुला काय त्यांनी वचन दिलं होतं?" मी बॅग उचलली आणि निघालो. मला वाटलं होतं कोणीतरी थांबवेल.

खोलीवर येऊन त्या अल्बमखाली इंग्रजीत मोठी प्रतिक्रिया लिहिली. शब्दकोश घेऊन, तीन वेळा खोडून. कुठल्यातरी देशातल्या एका माणसाने खाली लिहिलं, अगदी बरोबर बोललास. माझ्या इंग्रजीशी जगात पहिल्यांदा कोणीतरी सहमत झालं होतं. पुढचे अनेक दिवस मी ते उघडून वाचत असे.

गॅदरिंगला मी शेवटच्या रांगेत बसलो. माझ्या जागी इंग्रजी शाळेतला एक मुलगा होता. त्याने त्या नव्या अल्बममधलंच एक गाणं म्हटलं. बरं म्हटलं. पोरांनी टाळ्यांवर टाळ्या दिल्या. गिटारवाला सगळा वेळ मान खाली घालून वाजवत होता. त्यानंतर आम्ही वर्गात दिसलो तर हसायचो, बस्.

मे महिन्यात नाना तूर घेऊन जळगावला आले. भाव चढेल म्हणून घरात ठेवलेली शेवटची पोती होती. गावातल्या दोघांबरोबर टेम्पो केला होता. मला फोन आला, मी गेलो, तर टेम्पो नेमका त्याच दुकानापुढे. गल्ल्यावर गिटारवाला बसलेला.

"या नाना, बसा. पानी ल्या," तो म्हणाला. "इतला दिन तूर दाबी ठेवी का?"

नाना म्हणाले, "भाव चढी आसं वाटनं व्हतं, भाऊ."

मी बघतच राहिलो. माझ्याशी दोन वर्षं पुस्तकातलं मराठी बोलणारा हा, आणि याची अहिराणी माझ्या काकासारखी. मी खिशातून मोबाईल काढला. तेवढ्यात पोतं काट्यावर चढवायचं होतं, नानांनी हात पुढे केला होता आणि माझं लक्ष नव्हतं.

"हाऊ दखा, मोबाईलमा!" नाना ओरडले. "तुनं ध्यान कोठे शे?"

"पाट फुटना, पानी चालनं," गिटारवाला वजनावरची नजर न काढता म्हणाला, "बठ्ठी दादर पाखरं खाई टाकतीन."

नानांचा हात पोत्यावरच राहिला. "हाई तं मी म्हनस! तुले कोनी सांगं?"

"तुमना पोऱ्यानी त्यानं गानं बनाडं."

"गानं? मन्या शिव्यास्नं?" आपल्या शिव्यांचं गाणं होतं हे न पटून नाना माझ्याकडे बघायला लागले. शेजारचा हमाल तोंडावर गमछा धरून हसत होता. नानांनाही हसू येत होतं, पण ते दाबून म्हणाले, "म्हनी दखाड."

म्हणून दाखव म्हणत होते, आणि मी मोबाईलकडे बघत राहिलो. चार माणसं होती, सगळी माझीच बोली बोलणारी. तरी एक शब्द निघाला नाही. नाना थोडा वेळ थांबले. मग "ऱ्हाऊ दे" म्हणून हिशेबाला बसले, आणि दुपारच्या एसटीने गेले.

ते गेल्यावर मी दुकानात परत आलो. "तुला कधीपासून कळत होतं?"

"पहिल्या रविवारपासून. पाचवीत होतो तेव्हापासून दुकानात बसतोय मी. शेतकऱ्यांशी काय इंग्रजीत बोलू?"

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तू मुद्दाम करतोस. आवडत होतं मला. जानेवारीत तेच तर म्हटलं होतं, तू म्हणतोस तेच म्हण." मग जरा रागाने, "आणि तू भाषण देऊन निघून गेलास. कोण कुठला बँड, त्याच्यावरून!"

त्या अल्बमबद्दल माझं मत अजूनही तेच आहे, हे लिहायला हवं. मी तो मधे पुन्हा ऐकला. पूर्वी त्यांच्या गाण्यात जे होतं ते त्यात नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण मी बँड सोडला त्याचं कारण ते नव्हतं. त्या माणसाने आवाज स्वच्छ केला तेव्हा माझ्यावरचं पांघरूण गेलं, आणि राग मी त्याच्यावर काढला. ऐन उन्हाळ्यात मी त्या दुकानाच्या पायरीवर बसून हे स्वतःशी कबूल करत होतो, आणि डोळ्यांपुढे नाना येत होते, "म्हनी दखाड" म्हणून थांबलेले.

पुढच्या रविवारी मी गोदामात गेलो. तो आणि मी, दोघेच होतो. तूर बहुतेक निघून गेली होती. कोपऱ्यात रिकाम्या बारदानाची थप्पी, बाकी फरशी आणि पत्रा. मी नुसता खाकरलो तरी आवाज घुमला. गिटार त्याने स्पीकरला जोडलीच नाही. तीच जुनी सुरावट सावकाश वाजवली.

मी त्या पहिल्या दोन ओळी साध्या आवाजात म्हटल्या. आवाज पातळ होता, माझा आहे असं वाटेना. पत्र्यावर आपटून ते शब्द जरा उशिराने परत आले. तुनं ध्यान कोठे शे? स्वच्छ ऐकू आले, प्रत्येक अक्षर. मी थांबलो.

"परत," तो म्हणाला. "आणि 'बठ्ठी' खाऊ नकोस. नाना खात नाहीत."

मी पुन्हा म्हटल्या. या वेळी 'बठ्ठी' खाल्ली नाही.