उतारावरचा गिअर

दत्तप्रसादला मी ओळखतो तो सिडनीतल्या पेंडल हिलच्या फ्लॅटपासून. साल २००७. स्टेशनजवळचा दोन खोल्यांचा फ्लॅट, राहणारे पाच जण, बाथरूम एक. बाकीचे आम्ही सकाळी डोळे चोळत युनिव्हर्सिटीला जायचो आणि दत्तू कुणाची तरी जुनी गाडी उघडून बसलेला असायचा. अकाउंटिंग शिकायला आला आणि ऑइल बदलायला लागला, असं आम्ही त्याला चिडवायचो. तोही हसायचा, पण ही गोष्ट चिपळूणला कळता कामा नये, हे आम्हा पाचही जणांना पाठ होतं.

कारण चिपळूणला त्याचे वडील होते, मुरलीधर अण्णा. तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर, त्यातली निम्मी कुंभार्ली घाटात. लहानपणी दत्तू सुट्टीत त्यांच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर बसून कराडला जायचा. झाकण तापायचं, चटके बसायचे, तरी हा उठायचा नाही. शेवटी अण्णाच त्याला मागे पाठवायचे. पुस्तक वाच म्हणायचे, स्टिअरिंगकडे बघायचं नाही. पोराने खुर्चीत बसून काम करावं, एवढं एकच त्यांना आयुष्यात हवं होतं.

आणि पोरगा पहिल्याच हिवाळ्यात सुट्टीतलं काम म्हणून जिंडाबाइनला गेला. सिडनीहून सहा तासांवर बर्फाचे डोंगर आहेत, तिथे पर्यटकांना वर स्कीच्या मैदानापर्यंत नेणारी मिनीबस चालवायला. तिथून तो परत आला तो बिघडूनच. कोर्स कसाबसा पुरा केला, पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळवला आणि मग थेट तीच नोकरी धरली. आठ महिने सिडनीत एअरपोर्टचा कोच, म्हणजे मोठी बस, चार महिने बर्फात मिनीबस. पुढे सुखदाशी लग्न झालं, क्वेकर्स हिलला घर झालं, इरावती झाली आणि एक जुनी निळी सुबारू गाडी घरी आली. बॉनेटवर हवा घ्यायला मोठं भोक, चारही चाकांना ताकद, आवाज असा की शेजारची म्हातारी खिडकी लावून घ्यायची.

अण्णांना मात्र तो अकाउंट्स ऑफिसर असल्याचं सांगितलेलं होतं. या पापात मीही आहे. त्यांनी फोटो मागितला तेव्हा दत्तूला मी माझ्या ऑफिसात, माझ्या टेबलाशी, माझं आयडी गळ्यात उलटं घालून बसवला आणि हसायला सांगितलं. तो फोटो चिपळूणच्या घरात चौकटीत लागला. खाली अण्णांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: चि. दत्तप्रसाद, अकाउंट्स ऑफिसर, सिडनी. दर रविवारी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ऑफिस कसं आहे. बारा वर्षं हा म्हणायचा, मस्त.

फेब्रुवारी २०२०मध्ये अण्णा पहिल्यांदा इकडे आले. दत्तूची आई जाऊन चार वर्षं झाली होती, एकटे कंटाळले होते. दोन महिन्यांसाठी आले आणि मार्चमध्ये विमानंच बंद झाली. एअरपोर्ट ओस पडला तसा दत्तूचा कोचही थांबला, पुढे बर्फातली मिनीबसही. सगळं जग घरून काम करत होतं, तेव्हा आमच्या हिरोने काय करावं? रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजमध्ये लॅपटॉपपुढे बसायचा. लॅपटॉपवर गाड्यांच्या जुन्या रॅलीचे व्हिडिओ. अण्णा बाहेर टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि अकरा वाजता पाय न वाजवता चहा नेऊन ठेवायचे. सुखदा हॉस्पिटलची ड्युटी करून यायची आणि हे बघून तिला रडू यायचं. मला तेव्हा हसू यायचं. आता लाज वाटते.

जुलैमध्ये, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यात, आठ वर्षांच्या इरावतीने निकाल लावला. अण्णा तिला म्हणाले, बाबांना त्रास देऊ नकोस, ऑफिसचं काम चालू आहे. ती टॅबवरून मान वर न करता म्हणाली, "बट आजोबा, डॅड्स अ ड्रायव्हर. ही ड्राइव्ह्ज इन द स्नो."

अण्णांना इंग्रजी बेताचं येत होतं, पण त्यातला एक शब्द त्यांना पुरला. पाच दिवस ते दत्तूशी बोलले नाहीत. चहा नेणंही थांबलं. सहाव्या दिवशी जेवताना ताटाकडे बघत एवढंच म्हणाले, "काय चालवतोस ते एकदा दाखव."

तेव्हा राज्यातल्या राज्यात प्रवासाला मोकळीक होती. सहा तास त्या माणसाशेजारी एकट्याने बसायची दत्तूची हिंमत नव्हती, म्हणून मागच्या सीटवर मला घातलं. मेट, प्लीज, म्हणाला. मी गेलो. सबंध रस्ताभर गाडीत इंजिनाशिवाय कुणी बोललं नाही.

जिंडाबाइनला दत्तूच्या मित्राच्या घराबाहेर उतरावर गाडी लावली. दत्तूने ती गिअरमध्ये ठेवली, वायपर काचेपासून उभे केले आणि हँडब्रेक न ओढताच आत गेला. मला वाटलं, विसरला असेल. अण्णांनाही तेच वाटलं. घाटातला माणूस, उतरावर सैल गाडी बघून त्यांना राहवेना. त्यांनी बॅगेचं निमित्त करून किल्ली मागून घेतली, हँडब्रेक कचकचून ओढला, शिवाय मागच्या चाकाखाली चांगला दोन हातांत मावेल असा दगड लावला. मग त्यांना जेवण गेलं.

सकाळी गाडी हलेना. रात्रीच्या थंडीत ओले ब्रेक मागच्या चाकांना घट्ट गोठून बसले होते. दत्तू खाली वाकला, दगड बघितला आणि सगळं समजला. मी म्हटलं, आता भडकणार. पण त्याने दगड हळूच उचलून कुंपणापाशी ठेवला, इंजिन चालू करून बराच वेळ तापू दिलं आणि मग गाडी हलक्या हाताने मागे-पुढे, मागे-पुढे केली, पाळणा हलवावा तशी. टक् करून चाकं सुटली. अण्णा थोडे दूर उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, हँडब्रेकने? दत्तू म्हणाला, हो, इथे ओढायचा नसतो, गोठतो. वायपरही म्हणूनच उभे. तीस वर्षांच्या ड्रायव्हरने मान खाली घातली.

वर जाताना गाडीने मजा केली. रस्ता पांढरा, वळणं आवळलेली, तरी चारही चाकं जमीन धरून ओढत होती. कडेला दोन भल्यामोठ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या खड्ड्यात तोंड घालून पडल्या होत्या. मी विचारलं, या कशा घसरल्या? दत्तू म्हणाला, चार चाकांची ताकद चढायला आणि निघायला कामाची. थांबायला तिचा उपयोग नाही, ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार असतात. लोक रुबाबात चढतात आणि उतरताना तेच गृहीत धरतात. बाकी सगळं टायरवर आणि उजव्या पायावर. अण्णा खिडकीबाहेर बघत होते, पण कान इकडे होता.

उतरताना डोंगराच्या सावलीतलं एक वळण आलं. तिथला रस्ता काळा आणि चकचकीत, म्हणजे बर्फ दिसतही नव्हता. दत्तूने ते खूप आधी ओळखलं असणार, कारण वळण दिसायच्या आतच त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली होती आणि पुढच्या पिकअपपासून लांब राहिला होता. त्या पिकअपचे लाल दिवे एकदम पेटले, गाडी आडवी झाली आणि सावकाश, अगदी सावकाश आमच्या रस्त्यात फिरत राहिली. अण्णांचा उजवा पाय, तिथे ब्रेक असल्यासारखा, समोरच्या पत्र्यावर दाबलेला मला दिसला. दत्तूने ब्रेकला पाय लावला नाही. इंजिन गुरगुरत गाडीला मागे धरून होतं, त्याने स्टिअरिंग बोटभर फिरवलं आणि आडव्या पिकअपच्या बाजूने आम्ही बैलगाडीच्या वेगाने पुढे गेलो. अण्णांचा पाय पत्र्यावरून उचलला गेला होता.

खाली तळ्याकाठी गाडी थांबली. दत्तूने इंजिन बंद केलं. मग अण्णा म्हणाले, "इंजिनावर उतरायला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मी कधी शिकवलं? मी तर तुला मागे बसवायचो."

"मागून आरशात तुमचे हात दिसायचे, अण्णा."

त्या वेळी मी खिडकीबाहेर बघितलं, तेच बरं. घाटात न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणाऱ्याला आयुष्यभर ड्रायव्हर न म्हणणारा तो माणूस गळ्यातल्या मफलरने डोळे पुसत होता. दत्तू रडत म्हणाला, मी खोटं बोललो. अण्णा म्हणाले, "बोललास. लाज वाटावी असं माझं काम होतं, हे मीच तुला शिकवलं." मग दार उघडून उतरले आणि मला म्हणाले, "यतिन, याचा एक फोटो काढ. गाडीसकट."

सप्टेंबरमध्ये खास विमानाने ते परत गेले. त्यानंतर रविवारचा प्रश्न बदलला. ऑफिसचं नाव नाही, पहिला प्रश्न, रस्ता कसा आहे. दत्तू बर्फ असो नसो, अगदी तपशिलात सांगायचा. सिडनीच्या सिग्नलचंसुद्धा सांगायचा. ते महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे गेले, असं तो आजही म्हणतो.

एप्रिल २०२१मध्ये अण्णांना करोना झाला. इथून बाहेर पडायला परवानगी लागत होती आणि तिकडची विमानं बंद झाली होती. दत्तू दिवसभर फॉर्म भरायचा. हॉस्पिटलमधून चुलतभाऊ नंदूने व्हिडिओ लावून दिला, तेव्हा मी दत्तूच्या गॅरेजमध्ये होतो. अण्णांनी मास्क जरासा बाजूला केला आणि विचारलं, "रस्ता कसा आहे?"

मला वाटलं, आता हा मस्त म्हणणार. बारा वर्षांची सवय होती.

"बंद आहे, अण्णा. सगळीकडून बंद आहे. मला येता येत नाही."

"मग थांब," अण्णा म्हणाले. "बंद रस्त्यावर गाडी घालायची नाही. तुझी चूक नाही त्यात."

तिसऱ्या दिवशी ते गेले. दत्तूने अंत्यविधी गॅरेजमध्ये, त्याच लॅपटॉपवर बघितला.

महिन्याभराने नंदूने घर आवरताना काढलेले फोटो पाठवले. दत्तूने मला बोलावून स्क्रीनवर एक मोठा करून दाखवला. भिंत तीच, चौकट तीच. माझं टेबल गेलं होतं. आत तळ्याकाठी निळी गाडी होती, बॉनेटला टेकून रडून लाल झालेला दत्तू होता आणि खाली अण्णांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: चि. दत्तप्रसाद मुरलीधर, ड्रायव्हर.