सरकीची कमान

बाभुळगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये धर्मपालनं एकवीस वर्षं सरकीच्या कोठीवर काढली. कोठीच्या खालच्या तोंडाशी सरकी अडली की त्याचा जिवलग जमीर कमरेला दोर बांधून आत उतरायचा, बांबूनं ढोसायचा. दोर धर्मपालच्या हातात. एका दुपारी धर्मपाल तंबाखू मळत होता आणि दोर ढिला होता. आत सरकी खचली, दोराला झटका बसला तसा त्यानं जीव खाऊन ओढला. चार माणसं धावून आली तेव्हा कुठं जमीर बाहेर आला, तो निष्प्राण.

त्याला नऊ वर्षं झाली. कापसाचे दिवस फिरले, शेतं सोयाबीनखाली गेली, जिनिंगला कुलूप लागलं. धर्मपाल मात्र अजून त्या कोठीतच होता. बसल्या जागी डोळा लागला की ती पांढुरकी टेकडी मुकाट सरकू लागायची. गाव म्हणे, याला भरदिवसा स्वप्नं पडतात. म्हणो बापडं! जमीरच्या बायकोच्या, अनवरीच्या, गल्लीकडे मात्र त्याचे पाय कधी वळले नाहीत.

लेक उर्वशी अमरावतीला इंजिनिअरिंग शिकत होती. सुटीत तिनं कॉलेजच्या कामासाठी लॅपटॉपवर धान्याची हलती कोठी मांडली. दाणा न् दाणा सुटा, प्रत्येकाला वजन, प्रत्येकाला घसरण. तोंड उघडलं तसे दाणे भुरुभुरु ओघळले. धर्मपाल हरखून बघत राहिला.

मग म्हणाला, "हे तं ज्वारी झाली. सरकी अशी नाई पडत. तिले लव असते. एकमेकीले धरून ठेवते, अन् खाली पोकळी राह्यते."

पोरगी हुशार, पण सरकी कधी मुठीत घेतलेली नाही. तिनं दाण्यांना चिकटपणा दिला. सकाळी लावलेलं गणित दुपारी संपलं. पडद्यावर सरकीची कमान धरली. वर तिनं माणसाच्या वजनाचा ठोकळा ठेवला होता. कमान मोडली. ठोकळा अलगद, झोपेत कूस बदलावी तसा, आत गेला.

"म्यां तंबाखू नसता मळला, तं?" धर्मपालनं विचारलं.

"तरी नाई, बाबा. चारच सेकंद लागले. छातीपर्यंत गेला, की दोर ताणलेला असला तरी एकट्याच्यानं ओढून निघत नाई."

धर्मपाल ढसाढसा रडला. लेकीसमोर रडायची त्याला लाजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी तो अनवरीच्या दारात उभा राहिला. ती तूर निवडत होती. कोठी, कमान, चार सेकंद, सारं त्यानं एका दमात सांगून टाकलं.

अनवरीनं सूप खाली ठेवलं.

"मी कधी तुमाले बोल लावला का, भाऊ? ते तं सरकीत गेले. तुमी नऊ वर्सं कुठी गेलते?"