शिवनेरीआड गेलेला सूर्य आणि माझा केक

जुन्नरची गोष्ट. वीसेक वर्षं झाली. त्या दिवशी माझ्या केटरिंग कोर्सची शेवटची परीक्षा आणि मी वाटेतच डिंभ्यात, बंद पडलेल्या एसटीशेजारी उभा!

वडिलांनी बजावलं होतं, "एक वरीस दिलं. पास झालास तर जा पुण्याला हाटेलात, न्हाई तर गपगुमान भाताच्या खाचरात." गावात, तळेघरात तर चेष्टाच चालायची... एवढा बाप्या गडी अन् चुलीपुढं बसायला शिकतोय! मीही हट्टाला पेटलेलो. मिळाला तो टेम्पो पकडला.

टेम्पो नेमका मासळीचा निघाला राव...

आमच्या मॅडम जैन. पिढ्यान्‌पिढ्या जुन्नरच्या पेठेत दुकान, आणि घरामागच्या हॉलमध्ये त्यांची ही छोटीशी केटरिंग स्कूल. कांदा-लसूण, अंडं काही चालायचं नाही. मला दारातच थांबवून म्हणाल्या, "आधी आंघोळ कर!"

आंघोळ होईतो बाकीच्या पोरी परीक्षा देऊन घरी गेलेल्या. मॅडम म्हणाल्या, "तुझा केक मी चाखणार, पण सूर्य मावळायच्या आत. नंतर मी पाण्याचा थेंबही घेत नाही, माहितेय ना?"

मग काय, भिडलो! दूध, दही, मैदा... बिनअंड्याचा केक ओव्हनमध्ये सारला आणि खिडकीशी उभा राहिलो. केक फुगायला लागला अन् तिकडं सूर्य शिवनेरीआड गेला.

संपलं सगळं. आमच्या तळेघरात सूर्य डोंगराआड गेला की दिवस मावळला, गुरं घरी. मी ओव्हन बंद केला, ॲप्रन सोडला. डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. ओव्हनचं दार उघडायला हात घातला...

"हात काढ! केक बसेल!" मॅडम ओरडल्या. ओव्हन पुन्हा चालू केला आणि भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. त्यावर रोजची सूर्यास्ताची वेळ छापलेली. "अरे वेड्या, डोंगराआड गेलाय तो, मावळला नाही अजून. उभा राहा गप."

त्याही माझ्याशेजारी ओव्हनपुढे उभ्या राहिल्या. केक निघाला तेव्हा जेमतेम वेळ उरला होता. फुंकर मारमारून त्यांनी एक तुकडा खाल्ला, वर घोटभर पाणी. "मधे जरा बसलाय. मार्क कापणार. पण पास आहेस."

मी आनंदानं नाचायचाच बाकी होतो! तेवढ्यात आतून त्यांच्या सासूबाई आल्या, हातात झाकलेलं ताट. "अगं, तुझं जेवण राहिलं की गं. आता कसं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जेवायची त्यांची वेळ माझ्या ओव्हनपुढं गेली होती. मॅडम हसल्या नुसत्या, "झालं की जेवण. केक खाल्ला ना."

आज पुण्यात माझं स्वतःचं किचन आहे. केक बिनचूक फुगतात... पण मॅडम, त्या बसलेल्या केकवर तुम्ही काढलेल्या त्या रात्रीचं ऋण माझ्यानं कधी फिटायचं नाही.